आज नाही पाठवायचं

चाळीस हातांवर ओला मुरूम लागला आणि त्याच सकाळी यारीचा, हँडल उलटं फिरू न देणारा खटका तुटला.

पाताळ्या तेव्हा तळाशी होता. हे नाव त्याला कुणी ठेवलं ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. पण वीस वर्षं विहिरी खोदून, वरचं आभाळ वाटीएवढं दिसेल इतक्या खोल बसून काम करणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? वर यारीच्या दोन हँडलांवर त्याची बायको आणि धाकटा भाऊ असायचे. हा खाली पहारीनं फोडून बादली भरायचा, ते दोघं वर ओढून काठावर रिकामी करायचे. तिघांचं बिऱ्हाड विहिरीच्या अंगालाच, चार पत्र्यांच्या आडोशाला होतं.

त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला होता. ही विहीर ज्या बागवाल्याची, त्याची झाडं फळं धरून उभ्या उभ्या सुकत चालली होती. तो दिवसातून चारदा काठावर यायचा, गुडघ्यांवर हात टेकून वाकायचा आणि विचारायचा, "लागलं का रे?" जसं काही पाताळ्यानं पाणी खिशात लपवून ठेवलंय.

भरलेली बादली निम्म्याच्या वर गेली होती. वरून टणकन आवाज आला आणि पाठोपाठ बायकोची आरोळी, "भिंतीला!"

पाताळ्या भिंतीला चिकटला. बादली त्याच्या खांद्याशेजारून खाली आली आणि ओल्या मुरमात हातभर रुतली. दगड उडून पोटऱ्यांना लागले. थोड्या वेळानं त्यानं वर हाक मारली. कुणी ओ देईना. पुन्हा मारली. मग तो दोराच्या शिडीला लागला. एवढ्या वर्षांत तो ती शिडी इतक्या घाईनं कधी चढला नव्हता.

बायको डबराच्या ढिगावर बसली होती. कोपरं मांड्यांवर, मान खाली. नाकातोंडातून रक्ताची लाळ तार धरून जमिनीपर्यंत लोंबत होती. धाकटा तिच्यापुढे नुसताच उभा होता.

"हँडल उलटं फिरलं, दादा," तो म्हणाला. "मी सोडलं. वहिनीनं नाही सोडलं, तेच गालावर बसलं."

पाताळ्यानं तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. डाव्या गालाचा उंचवटाच नाहीसा झाला होता. तिथं ताटलीला पोचा पडावा तसं झालं होतं, आणि तोही खळगा बघता बघता सुजून भरत होता. त्यानं तिला आडवं करायला बघितलं. तिनं त्याचा हात झिडकारला. बोलता येत नव्हतं, पण हातात जोर होता.

धाकट्याच्या मोटारसायकलवर तिला दोघांच्या मध्ये बसवून त्यांनी बाजारच्या गावातला दवाखाना गाठला. बारा खाटांचा दवाखाना. दारातच सिस्टर भेटली. पाताळ्या पुन्हा तिला खाटेवर निजवायला लागला तशी ती ओरडली, "निजवू नका हो! रक्त घशात उतरेल. तिला कळतंय ते तुम्हाला कळेना? बसू द्या तशीच वाकून."

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. गळ्यात चष्मा, पायात झिजलेल्या चपला. त्यांनी आधी श्वास बघितला, मग जबडा, मग दोन्ही डोळ्यांखालून बोट फिरवत नेलं. एका ठिकाणी बोट थांबलं आणि बायकोच्या तोंडून हुंकार निघाला. दात मिटायला लावले, सुजलेली पापणी हलकेच उचलून टॉर्च मारला, वर बघायला लावलं. उजवा डोळा वर गेला, डावा अर्ध्यात अडकला.

हे सगळं झाल्यावर त्या पाताळ्याला घेऊन बाहेर व्हरांड्यात आल्या.

"गालाचं हाड तीन ठिकाणी तुटलंय. आणि डोळा ज्या पातळ हाडावर टेकलेला असतो ना, ते खाली बसलंय."

"तळ खचलाय," पाताळ्या म्हणाला.

"तसंच म्हणा. हे मोठ्या दवाखान्यात जोडावं लागेल. माझ्याकडं ती सोय नाही."

"मग गाडी मागवू?"

"आज नाही पाठवायचं."

पाताळ्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"सूज एवढी आहे की आज कुणी कापणार नाही," बाई म्हणाल्या. "तिथला चेहऱ्याच्या हाडांचा डॉक्टर गुरुवारी रजेवरून येतो. आज पाठवली तर चार दिवस तिथल्या बाकड्यावर बसेल, आणि शंभर पेशंटांत तिच्या डोळ्याकडं कोण बघेल? इथं मी दर तासाला बघीन. तिचा श्वास मोकळा आहे, शुद्ध आहे, डोळ्याला दिसतंय. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. दिसायचं कमी झालं, डोळ्यामागं ठणकायला लागून डोळा पुढं आला, किंवा श्वास अडला, तर त्या घटकेला निघायचं. मग सूजबीज काही बघायची नाही."

मागून सिस्टर म्हणाली, "आणि नाक शिंकरू देऊ नका. कितीही चोंदलं तरी."

पाताळ्यानं मान डोलावली. पण मनात वेगळंच चाललं होतं. आपले कपडे मुरमानं भरलेले, आपण अनवाणी. म्हणून हे असं. चार अंगठ्या घातलेला माणूस असता तर गाडी दारात उभी राहिली असती.

तेवढ्यात बागवाला आलाच. त्याची जीप फाटकाबाहेर धुरळा उडवत थांबली. आत डोकावून त्यानं एकदा बायकोकडं बघितलं आणि घाईनं नजर काढून घेतली.

"इथं काय ठेवतोस? हे ताप-खोकल्याचं दुकान. माझी गाडी आहे, टाक तिला मागं, दोन-अडीच तासांत मोठ्या दवाखान्यात. माझ्या विहिरीवर झालंय, उद्या काही कमीजास्त झालं तर लोक मला विचारतील."

बाई दारातूनच म्हणाल्या, "रस्ता कसला आहे ठाऊक आहे ना तुम्हाला? तुटलेल्या हाडांना अडीच तास आदळआपट, आणि वाटेत रक्त सुरू झालं तर? मला पाठवायचं नाही असं नाही. कधी पाठवायचं, एवढंच म्हणणं आहे."

पाताळ्या दोघांच्या मध्ये उभा. एकीकडं जीप, एकीकडं झिजलेल्या चपला. शेवटी तो आत गेला आणि बायकोपुढं उकिडवा बसला.

"काय करू ग? बागवाला चल म्हणतोय, बाई थांब म्हणतात."

बायकोनं पदराचा बोळा तोंडापासून दूर केला. शब्द जाड होऊन बाहेर पडले. "त्यांनी हात लावला ना... दुखतं नेमकं तिथंच लावला. न सांगता. राहू."

बागवाला पाय आपटत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सूज इतकी चढली की चेहऱ्याची डावी बाजू भरताच्या वांग्यासारखी झाली. तिला पातळ पेज तेवढी जायची, तीही ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून. पाताळ्यानं सिस्टरच्या मागं लागून डोळा तपासायचं काम शिकून घेतलं. चांगला डोळा तळहातानं झाकायचा, सुजलेली पापणी बोटानं अलगद वर करायची, समोर बोटं धरायची आणि किती ते विचारायचं. मग सिस्टरनं दिलेल्या कागदावर वेळेसमोर बरोबरची खूण. ज्या हातांनी पहार धरायची त्या हातांना ती पापणी उचलताना घाम फुटायचा.

"किती?"

"दोन."

"बरोबर."

संध्याकाळी धाकटा भेटायला आला. त्यानं भीत भीत विचारलं, "वहिनी, दिसतंय ना नीट?"

"दोन्ही डोळ्यांनी बघितलं की सगळं दोन दोन दिसतं," ती म्हणाली. "तुझे दादापण दोन. एक होते तेच आवरत नव्हते."

धाकटा हसला, मग तोंड फिरवून त्यानं डोळे पुसले. हँडल सोडल्यापासून तो नीट जेवला नव्हता.

त्यानंच निरोप आणला होता. लोहारानं खटका नवा करून दिलाय. विहिरीत पावलाएवढं पाणी साचलंय, पण एका अंगाची माती सुटायला लागली आहे. बागवाला म्हणतो, उद्या सकाळी उतरला नाहीस तर दुसरी टोळी आणतो.

बायको म्हणाली, "जावा तुम्ही. मी काय इथं पळून जाणारे?"

तिसऱ्या दिवशी तो पहाटेची खूण करून विहिरीवर गेला. बायकोच्या हँडलवर एक परका गडी होता. पाताळ्या खाली उतरला, पण आज त्याचं लक्ष पहारीवर नव्हतं, वरच होतं. बादली वर गेली की तो आपसूक भिंतीला जाऊन लागायचा. वरून बागवाल्याचा आवाज आला, "अरे, नवी नवरी आहेस का? कोपऱ्यात काय उभा राहतोस!" यारीवरचा परका गडी मोठ्यानं हसला. पाताळ्यानं पहार उचलली. खालून उत्तर देऊन उपयोग नसतो. खालच्या माणसाचं बोलणं वर जाईपर्यंत नुसतं घुमत राहतं.

सुटलेल्या मातीला फळ्या लावल्या, आणि अकराच्या सुमारास तो तसाच चिखलानं माखलेला दवाखान्यात परत आला. तिथं धांदल उडालेली. सकाळी एक अडलेली बाळंतीण आली होती. बाई आणि सिस्टर तीन तास तिच्यापाशी होत्या, आणि शेवटी तिला दवाखान्याच्या गाडीतून मोठ्या गावाला रवाना केलं होतं. कागदावर आठ, नऊ, दहा, तिन्ही घरं कोरी होती.

त्यानं हात धुतले, बायकोची पापणी उचलली. आज ती अवघड उचलली गेली. बोटं धरली.

"किती?"

"दोन."

त्यानं बरोबरची खूण केली. तरी त्याला काहीतरी खटकलं. उत्तर जरा लवकरच आलं होतं.

साडेअकराला बाई घाम पुसत आल्या. खाटेपाशी येताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी गालाला बोट लावलं. कातडीखाली कोरडा पाला चुरडावा तशी करकर झाली.

"नाक शिंकरलं होतंस?"

"सकाळी," बायको म्हणाली. "रक्ताचं खडं अडकलं होतं. जीव गुदमरत होता. तेव्हापासून डोळ्यामागं ठणका लागलाय."

"शिंकरायचं नाही हे सांगितलं नव्हतं तुला?"

"नाही."

बाईंनी पाताळ्याकडं बघितलं. पाताळ्या खाली बघायला लागला. त्याला सांगितलं होतं. त्याच्यापासून खाटेपर्यंत दहा पावलं होती आणि तेवढ्या अंतरात तो ते विसरून गेला होता.

बाईंनी चांगला डोळा झाकला, पापणी उघडली आणि बंद मूठ समोर धरली.

"किती बोटं?"

"दोन," बायको म्हणाली.

बाईंनी विचारलं, "दोन दिसली का?"

बायकोनं बाईंचा हात पापणीवरून बाजूला केला. मग म्हणाली, "हे नेहमी दोनच धरतात. सकाळपासून अंधूक झालंय. मला वाटलं सुजेनं असेल. त्यांना पुन्हा कामावर जायचं, कशाला मागं घोर लावायचा."

पाताळ्याच्या कानात टणकन खटका तुटला तसं झालं. दोन. खरंच, दरवेळी दोनच. तिसरं बोट उचलायला काही जड नव्हतं.

बाईंनी मिटल्या पापणीवरून डोळा दाबून बघितला, मग स्वतःचा दाबला, मग पुन्हा तिचा. "गोटीसारखा झालाय," त्या सिस्टरला म्हणाल्या. टॉर्च मारला; आतली बाहुली जागची हलेना. त्यांनी टेबलावर जाऊन मोठ्या दवाखान्याला फोन लावला. पाताळ्याला एकच बाजू ऐकू येत होती.

"हो, मीच थांबवलं होतं... नाही, आत्ता लगेच पाठवते. पण ऐका, पोचायला दुपार उलटेल. डोळ्याला तेवढा वेळ नाही. मी इथं बाहेरचा कोपरा कापून दाब सोडवते आणि मग पाठवते." पलीकडं कुणीतरी बराच वेळ बोललं. बाई म्हणाल्या, "नाही, एकदाच. शिकत असताना, सरांच्या हाताखाली." पुन्हा थांबल्या. "बरं. करते."

फोन ठेवून त्या व्हरांड्याकडं निघाल्या, पाताळ्याही सवयीनं त्यांच्या मागून निघाला. पण दारात त्या थबकल्या, वळल्या आणि बायकोच्या खाटेच्या कडेवर बसल्या.

"तुलाच सांगते. पहिल्या दिवशी तुलाच सांगायला हवं होतं, ती चूक माझी. डोळ्याच्या मागं हवा आणि रक्त कोंडलंय. त्यानं डोळ्याची नस चेपतेय. इथं, बाहेरच्या कोपऱ्याला मी छोटा काप देणार, म्हणजे डोळ्याला पुढं यायला जागा होईल. मग तू गाडीत बसायचं."

"नाही केलं तर?"

"तू पोचशील. या डोळ्याची नजर नाही पोचणार."

"आणि केलं तर राहील?"

"राहावी. खात्री नाही देत."

बायकोनं एकदा पाताळ्याकडं, एकदा बाईंकडं बघितलं. "मग करा की. विचारत काय बसलाय."

पाताळ्यानं डोकं धरायचं ठरलं. तो खाटेच्या उशाशी गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळव्यांत तिचं डोकं घेतलं. भरलेली बादली काठावर झेलतात तसं. घट्ट, पण आदळू न देता. इंजेक्शन दिलं. बाईंनी कात्री उचलली. त्यांनी कात्री खाली ठेवली, एक श्वास घेतला, पुन्हा उचलली. जाड कापड कापल्यासारखा आवाज झाला. बायकोच्या टाचा गादीवर घासल्या गेल्या, पण डोकं त्याच्या हातांत जागच्या जागी राहिलं. काळपट रक्त कानाकडं वाहिलं, आत काहीतरी दोर सुटावा तसं सैल झालं, आणि तिच्या तोंडून लांब उसासा निघाला.

"ठणका कमी झाला," ती म्हणाली.

दहा मिनिटांनी बाईंनी टॉर्च मारला. बाहुली किंचित आकसली. बाईंनी बोटं समोर धरली.

"चार," बायको म्हणाली. मग डोळा बारीक करून, "नाही. तीन."

"तीनच," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्यांच्या पाठीवरचा सगळा कपडा ओला झाला होता.

आता गाडी. दवाखान्याची एकुलती एक गाडी बाळंतिणीला घेऊन गेलेली. पाताळ्यानं धाकट्याला फोन लावला आणि म्हणाला, "बागवाल्याला दे." परवा ज्याची जीप परत पाठवली त्याच्यापुढं आज तोंड वेंगाडायचं होतं. त्यानं नुसतं एवढंच सांगितलं, "मालक, आज न्यायची आहे. आत्ता."

मग बागवाला म्हणाला, "जीपमधले क्रेट उतरवायला पाच मिनिटं लागतील."

तो वीस मिनिटांत आला. मागच्या बाजूला त्यानं स्वतःच्या घरातली गादी टाकली होती. परवाबद्दल अवाक्षर काढलं नाही. बाईंनी बायकोला पाठीला उशा देऊन बसती केली, सिस्टरला बरोबर दिलं आणि बागवाल्याला बजावलं, "खड्डा दिसला की बैलगाडी हाकताय असं समजा."

सगळ्या वाटेनं पाताळ्या तिचं डोकं खांद्यावर धरून होता. जीप हळू जात होती, बाहेर सुकलेली रानं सरकत होती. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तू का नाही सोडलंस हँडल? धाकट्यानं सोडलं."

"सोडायचं सुचलंच नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बोलायला लावू नका. दुखतं."

मोठ्या दवाखान्यातला डोळ्यांचा डॉक्टर तरुण होता, डोळ्यांत झोप भरलेली. त्यानं पट्टी सोडली, काप बघितला, सिस्टरनं आणलेली चिठ्ठी वाचली. "आधी हे करून मग पाठवली ते बरं झालं," तो म्हणाला. "उलटं केलं असतं तर माझ्या हातात काही उरलं नसतं." मग डोकं यंत्रात घालून आतले फोटो काढले आणि सांगितलं की हाडं बसवायला सूज उतरेपर्यंत थांबावं लागेल, अजून पाच-सहा दिवस.

शेजारच्या खाटेवर जबडा तुटलेला एक गवंडी होता. त्याच्या मेव्हण्यानं थांबायचं ऐकून वॉर्ड डोक्यावर घेतला होता: गरिबाला कुणी वाली नाही, दुसरीकडं हलवा, आत्ताच्या आत्ता. पाताळ्यानं मेव्हण्याला बाहेर नेऊन चहा पाजला. काय बोलावं ते त्याला नीट सुचेना. शेवटी म्हणाला, "विचारून घ्या, काय झालं तर थांबायचं नाही. ते एकदा कळलं की थांबता येतं. आणि ते त्याला स्वतःलाही सांगा. तोंड मोडलंय त्याचं, कान शाबूत आहेत."

आठव्या दिवशी गालात दोन पट्ट्या आणि सात स्क्रू बसले. डोळा राहिला. अगदी वर बघितलं की अजून दोन दिसायचं, पण समोरचं एकच. डॉक्टर म्हणाला, गाल आणि वरचा ओठ बरेच महिने बधिर राहतील, कदाचित वर्षभर.

त्याच दिवशी धाकट्याचा फोन आला. माती पुन्हा सुटली होती आणि बागवाल्यानं वाट बघायची सोडून दुसरी टोळी लावली होती. त्यांनी आणखी चार हात नेलं आणि पाणी लागलं. कमरेएवढं.

"गोड आहे का?" पाताळ्यानं विचारलं.

"गोड आहे."

त्यानं फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन थोडा वेळ उभा राहिला. अडतीस दिवस त्यानं ती विहीर खोदली होती. पाणी दुसऱ्याच्या पायाला लागलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "झाडं वाचतील ना? मग झालं," आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिलाही लागलंच होतं ते.

सुट्टी मिळाली त्या दिवशी एस.टी.ला तासभर अवकाश होता. स्टँडवर गर्दी होती. दोघं बाकड्याच्या टोकाला बसले, मध्ये कपड्यांचं गाठोडं. लोक येता-जाता तिच्या चेहऱ्याकडं बघायचे. सूज गेली होती, पण गाल अजून पिवळा-हिरवा होता आणि डोळ्याच्या कोपऱ्यात टाक्यांची लाल रेघ. त्यानं दोन कप चहा आणला. ती पंधरा दिवसांनी पहिल्यांदा कपानं पीत होती. मान उजवीकडं कलती ठेवून, जपून, एकेक घोट.

चहा ओठाच्या बधिर बाजूनं ओघळला आणि हनुवटीवरून खाली आला. तिला कळलंच नाही. ती समोर एस.टी. लागते का ते बघत, पुढचा घोट घेत होती.

पाताळ्यानं हात पुढं केला आणि अंगठ्यानं तो ओघळ पुसला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. चारचौघांत त्यानं तिच्या तोंडाला कधी हात लावला नव्हता. तिनं दचकून इकडंतिकडं बघितलं.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत," तो म्हणाला. "तू पी."